खुलासा : सायकलपटूची ताकद आणि घरचं वीजबिल

‘टूर द फ्रान्सचा सायकलपटू एका दिवसात घराला महिनाभर पुरेल एवढी वीज तयार करतो’ हा मेसेज सध्या सोलापूरच्या ग्रुपवर फिरतोय. तो खरा नाही.

असा खेळाडू 5 तास सरासरी 250 वॅटने पेडल मारतो. हिशेब सव्वा युनिटचा. मे महिन्यात आपल्याकडे 75 वॅटचा पंखा रात्रंदिवस गरगरतो, तोच 24 तासांत 1.8 युनिट घेतो! पूर्व भागातल्या यंत्रमागाची एक अश्वशक्तीची मोटर पूर्ण भारावर 5 तासांत पावणेचार युनिटांहून जास्तच ओढते.

गोंधळ खाण्याच्या आकड्यामुळे होत असावा. कठीण टप्प्यात शरीर दिवसाला 6000 किलोकॅलरीही जाळतं, म्हणजे 7 युनिट. पण पेडल मारताना जळणाऱ्या ऊर्जेतला जेमतेम पाव हिस्सा चाकापर्यंत पोहोचतो, बाकीची उष्णता होते. त्या माणसाची मेहनत अफाटच आहे. कृपया खोटा आकडा पुढे पाठवू नका.