कुंडीतली सोनघंटा म्हणजे वाचलेली सोनघंटा नाही

नमस्कार, एवढी मोठी कॉमेंट लिहिलीत म्हणून सविस्तर उत्तर देतेय. तुमचं म्हणणं असं की सिंहपुच्छ माकडाशी सोनघंटेसारख्या एका दुर्मिळ झुडपाची तुलनाच चुकीची, माकडाला दुखतं-खुपतं, पैसा आधीच कमी, तेव्हा माकड वाचवा, जंगल वाचेल आणि झुडपं त्यात आपोआप येतील, नाहीतर सोनघंटा कुंडीत लावा.

माकडाला दुखतं, त्यावर वादच नाही. आणि केरळातल्या सायलेंट व्हॅलीत तुम्ही म्हणता तसंच झालं, कुंतीपुळा नदीवर धरण होणार होतं, लोक त्या माकडासाठी उभे राहिले आणि 1984 मध्ये ते जंगल राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झालं, तिथली झाडंझुडपंही तरली. पण ते माकड केरळ, तामिळनाडू, कर्नाटकातलं. सोनघंटा महाराष्ट्राच्या सह्याद्रीतली. आपल्या घाटात ते माकड नाहीच, मग हिनं कोणाच्या आडोशाला उभं राहायचं?

पुण्यात रिकाम्या प्लॉटवर पेटारी उगवते ना, पिवळं फूल आणि दातेरी चकतीसारखं फळ, तिच्याच कुळातली ही. पण फूल चांगलं मोठं, खाली लोंबणारं, नारिंगी-पिवळं आणि पाकळ्यांवर लालसर शिरांची जाळी. 1894 पासून शास्त्राला माहितीये, तरी 1991 ला वन्यजीव कायद्यात पहिल्यांदा झाडं घेतली तेव्हा सगळ्या देशातून फक्त 6 नोंदी, त्यात ही नाही. माकड मात्र त्याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, आणि ते योग्यच आहे.

आता कुंडी. हे माकड परदेशातल्या कितीतरी झूमध्ये आहे, तिथे पिल्लंही होतात, म्हणून आता जंगल तोडा असं कोणी म्हणतं का? मग झुडपाला वेगळा न्याय का? एकाच झाडाच्या फांद्या लावून केलेली दहा रोपं म्हणजे एकच झाड दहा ठिकाणी, त्यातून नवीन काही येत नाही. ते बियांतूनच येतं, आणि घाटात गवताला कोणी काडी लावली की बी आणि कोवळी रोपं जागच्या जागी जळतात, पळणार कुठे.

पैशाचं म्हणाल तर वणव्याच्या आधी सोनघंटेच्या उतारांभोवती जाळरेषा, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून गवत काढलेला मोकळा पट्टा, काढायला, गुरं लांब ठेवायला माकडाच्या वाट्याचा पैसा काढावा लागत नाही, गावातलीच माणसं रोजावर हे काम करू शकतात, फक्त कोणीतरी ते दरवर्षी करून घ्यायला हवं.

आणि शेवटी सोनघंटेचं लोकेशन विचारलंत, ते मात्र टाकणार नाही. फोटोसाठी फांद्या ओढल्या जातात, आणि कुंडीत लावायला म्हणून रोपं उपटून नेणारेही असतात.