शेवटचे पाच सामने बघून खेळाडू घ्यावा का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

फॅन्टसी बास्केटबॉलमध्ये (एनबीए या अमेरिकी लीगचे खेळाडू आपल्या कागदी संघात घ्यायचे आणि त्यांच्या खऱ्या सामन्यांतल्या आकड्यांवर प्रतिस्पर्ध्याला हरवायचं, तो खेळ) तुमची तक्रार थोडक्यात अशी: प्रति ३६ मिनिटांचे आकडे (खेळाडू ३६ मिनिटं खेळला असता तर किती झाले असते, तो हिशेब) बघून राखीव सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) घेतला, तर तो बाकावरच बसून राहिला. यानिस अँटेटोकुंपोसारखा मोठा खेळाडू संघात असूनही फ्री थ्रोच्या (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फटक्यांच्या) टक्केवारीची वर्गवारी दर आठवड्याला हातची जाते, म्हणजे नशीबच फुटकं. तेव्हा शेवटच्या पाच सामन्यांत कोण फॉर्मात आहे ते बघावं, बाकी आकडेमोड ही नुसती हौस.

आधी यानिस, कारण तिथे नशिबाचा काही संबंध नाही. २०२३-२४ मध्ये तो सामन्याला १०.७ फ्री थ्रो घेत होता आणि त्यातले ६५.७ टक्के बास्केटमध्ये टाकत होता. तीन सामन्यांच्या आठवड्यात ३२ पैकी २१. उरलेल्या संघाने १०० पैकी ८२ टाकले असं धरा. यानिस मिळवला की १३२ पैकी १०३, म्हणजे ८२ वरून थेट ७८ टक्के. टक्केवारीच्या रकान्यात टक्का एकटा बघायचाच नसतो, त्याला प्रयत्नांनी गुणायचं. लीगची सरासरी ७८ धरली तर यानिस सामन्याला १.३ फ्री थ्रोंचा खड्डा पाडतो. त्याच हंगामात शे गिल्जस-अलेक्झांडर (८.७ प्रयत्न, ८७.४ टक्के) ०.८ ची भर घालत होता. सामन्याला एकच फ्री थ्रो घेणारा ९० टक्केवाला भर घालतो फक्त ०.१२. असे अकरा जण जमवाल तेव्हा कुठे यानिसचा खड्डा जेमतेम भरेल! त्यापेक्षा ही वर्गवारी सोडूनच द्या. आठवडा जिंकायला नऊ वर्गवाऱ्यांपैकी पाचच जिंकायच्या असतात. मग रूडी गोबेरसारखा फ्री थ्रोत कच्चा, पण रिबाउंड (हुकलेल्या फटक्याचा चेंडू पकडणं) आणि ब्लॉक (समोरच्याचा फटका अडवणं) देणारा खेळाडू तुम्हाला इतरांपेक्षा स्वस्तात पडतो. (प्रत्येक आकड्याला गुण देऊन बेरीज करणाऱ्या, म्हणजे गुणांच्या लीगमध्ये हे गणित वेगळं, तिथे टक्केवारी सहसा मोजतच नाहीत.)

आता तो सेंटर. ३६ मिनिटांचा आकडा मिनिटं मिळाली तर काय होईल ते सांगतो, ती मिळतील का ते नाही. १२ मिनिटांत ४ रिबाउंड म्हणजे ३६ ला १२, वाचायला झकास. पण त्याच १२ मिनिटांत अडीच फाउल होत असतील तर ३६ ला साडेसात होतात, आणि एनबीएत सहाव्या फाउलला खेळाडू बाहेर. मुख्य सेंटर जखमी झाला तरी प्रशिक्षक अशाला २०-२२ मिनिटांपलीकडे सहसा नेत नाही. म्हणून ३६ ऐवजी २० ने गुणा: ६.७ रिबाउंड. एवढ्यावर परवडत असेल तरच घ्या.

पाच सामन्यांचा मुद्दा मी पूर्ण खोडणार नाही, फक्त त्यात काय बघायचं ते वेगळं आहे. सामन्याला ५ थ्री (तीन गुणांचे लांबचे फटके) घेणाऱ्याचे पाच सामन्यांत २५ प्रयत्न होतात. ३६ टक्क्यांनी ९ पडायला हवेत. १३ पडले तरी त्यात विशेष काही नाही, एवढ्याशा नमुन्यात असं अधूनमधून होतंच आणि पुढच्या आठवड्यात उतरतं. याउलट मिनिटं २२ वरून ३१ वर गेली, फटक्यांचे प्रयत्न ८ वरून १३ झाले, तर ती दखल घेण्याजोगी गोष्ट. मग कारण शोधायचं. कोणाच्या जागी खेळतोय, तो परत कधी येणार? संघाचे ३० टक्के चेंडू वापरणारा बाहेर असेल तर त्याचे फटके कोणाकडे तरी जाणारच, पण तो परतला की ते आटतात. अशा खेळाडूला तेवढ्यापुरतं ठेवायचं, त्याच्यासाठी चांगला खेळाडू सोडायचा नाही.

आठवड्यातले सामनेही मोजत चला. गुणांच्या लीगमध्ये सामन्याला २८ गुणांचा खेळाडू चार सामन्यांत ११२ देतो, ३४ चा तीन सामन्यांत १०२. सलग दोन रात्री सामने असतील आणि खेळाडू वयस्क किंवा दुखापतीतून नुकताच उठलेला असेल, तर त्याचा एक सामना वजा धरा. भारतातून खेळणाऱ्यांची खरी अडचण इथे आहे. न्यूयॉर्कचा संध्याकाळी सातचा सामना हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो, आणि कोण खेळणार नाही हे कित्येकदा अर्धा तास आधी कळतं. गजर लावणार नसाल तर ‘खेळणं अनिश्चित’ असा शेरा असलेल्याला रात्रीच बाकावर टाका.