यात्रेला या, गाडी धुऊन जा

चैत्र लागला. आता बेळगाव-खानापूर भागात गावोगाव महालक्ष्मी गदगेवर, म्हणजे यात्रेच्या चौथऱ्यावर, बसणार आणि त्याआधी घरोघरी मटणाचे टोप चुलीवर चढणार. तेव्हा यात्रेला निघालेल्यांसाठी चार अनुभवाचे बोल. अनुभव ताजा आहे, मागच्या आठवड्यात आमच्याच गावची यात्रा झाली. तब्बल १८ वर्षांनी.

आमंत्रण नसलं म्हणून घरी बसू नये. आमंत्रण असलेल्या कुणाच्या तरी गाडीत एक जागा मोकळी असतेच. यजमानानं "हे कोण पावणे?" असं डोळ्यांनी विचारलं, तर आपणच आधी म्हणावं, "वळखलं न्हाईस काय गा मला?" यजमान लाजतो आणि पान वाढतो.

जाताना पाव किलो कुंदा न्यावा आणि आठ माणसं न्यावीत.

देवीचं दर्शन घेतलंच पाहिजे असं काही नाही. रांग मोठी असते, रस्सा निवतो.

बायकामंडळींनी एसटीनं यावं. इकडं कर्नाटकात बायकांना २०२३ च्या जूनपासून तिकीटच नाही, त्यामुळे खानापूरच्या चारी मावश्या पोराबाळांसकट एकाच बसनं आल्या. चंदगडची आत्या तेवढी फसली. हद्दीवरच्या शिनोळीपर्यंत महाराष्ट्राचं अर्धं तिकीट, तिथून पुढं पूर्ण. आणि इकडं फुकट बसायला आधार कार्ड कर्नाटकाचं लागतं. सीमाप्रश्न तिला त्या दिवशी कंडक्टरनं समजावला.

पानावर बसल्यावर रश्शाला नाव ठेवणं विसरू नये. "गेल्या बुधवारी दुसऱ्या एका गावात जेवलो, तिथं तिखट कसं झणझणीत होतं!" असं दोन घास झाल्यावर म्हणावं, आणि तिसऱ्यांदा टोपाकडं हात दाखवावा. यजमानानं घर रंगवलंय, सोसायटीचं कर्ज काढलंय, बायकोच्या पाटल्या गहाण ठेवल्यात, असल्या चौकशा करून जेवणाची चव घालवू नये.

आता महत्त्वाचं. जेवण झालं की गाडी धुवावी.

होय, गाडी. यात्रेच्या गर्दीत तांबडी धूळ बसते हो, काचेवरून बोट फिरवलं तर नाव लिहिता येतं. अशी गाडी घेऊन परत बेळगावात कसं शिरायचं? तेव्हा अंगण शोधावं. अंगणात झाकण घातलेला बॅरल असतो. झाकणावर दगड ठेवलेला असतो. दगड का ठेवलाय याचा विचार न करता तो बाजूला करावा, बादली बुडवावी आणि सुरुवात करावी. आधी टप, मग काचा, मग चाकं. चाकांना दोन-दोन बादल्या लागतात. गाणं लावलं तर काम लवकर होतं.

आमच्याकडं आलेल्या पाहुण्यानं हे सगळं अगदी बिनचूक केलं. मी पंगतीत वाढत होतो. आई ओरडत आली तेव्हा बॅरलचा तळ दिसत होता आणि पाहुणा आरशावरून फडकं फिरवत होता. म्हणाला, "नळ सोडा की मावशी, भरंल परत."

नळ! अरे बाबा, आमच्या नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, तेही तासभर, तेही पंचायतीच्या बोअरची मोटर जळाली नसेल तर. तुमच्या शहराला राकसकोपचा तलाव आहे, हिडकलचं धरण आहे. आम्ही कणकुंबीच्या खालच्या अंगाचे. मलप्रभा आमच्याच तालुक्यात उगम पावते, पावसाळ्यात चार-चार दिवस ऊन दिसत नाही, आणि मार्च संपला की बाया घागरी घेऊन बोअरपाशी रांगेत. म्हादई नदीच्या पाण्याचा लवाद २०१० साली बसला, २०१८ ला निवाडा आला, भांडणातल्या कळसा-भांडुरा नाल्यांची नावं पोरांनासुद्धा पाठ झाली. पाणी कुणाला किती टीएमसी हे दोन-तीन राज्यं भांडून ठरवणार. आमच्या बॅरलचा निवाडा मात्र तू दहा मिनिटांत लावलास.

बॅरलातलं ते पाणी विकत घेतलेल्या टँकरचं होतं. १,२०० रुपये मोजून. नऊ दिवसांच्या यात्रेत माणसांना प्यायला आणि ओटीच्या दिवशी दारात आलेल्या बायकांच्या पायावर घालायला. त्या दिवशी शेजारच्या काकूंकडून दोन कळश्या मागून आणल्या. यात्रेच्या दिवशी, पाणी, मागून! आई रात्री जेवली नाही.

तुम्हाला कुणी बोलवलं होतं? ज्याच्या गाडीतून आलात, त्यालाही तुमचं आडनाव माहीत नव्हतं. जेवलात, त्याचं काही नाही. यात्रेत आलेल्याला उपाशी पाठवत नाहीत, पाचशे जेवले तिथं पाचशे एक. खरं झाकणावरचा दगड उचलताना हात कसा थांबला नाही हो? एवढे शिकलेले, गाडीच्या मागं मुलाच्या शाळेचं स्टिकर, पुढं देवाचा फोटो, आणि प्यायचं पाणी चाकावर?

आणि ती बादली. तुमच्या डिक्कीत गेली आहे, पोरांनी बघितलंय. निळी आहे, कडीला सुतळी बांधलेली. आणून द्या.