‘बड्या बापाची पोरगी’ म्हणणाऱ्या वाचकांना

नमस्कार. सिनेदिग्दर्शिका क्लोई झाओवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘बड्या बापाची पोरगी, इंग्लंडात शिकलेली. हिला गरिबाचं दुःख काय कळणार? शेवटी मार्व्हलकडे गेलीच ना? जळगावात बसून बाहेरच्यांच्या आरत्या ओवाळण्यापेक्षा अहिराणी सिनेमावर लिहा. आणि लेख किती लांब!’

लेख लांबला, कबूल. पण ही काय बोलायची रीत झाली? मत वेगळं असेल तर खुशाल मांडा. एका बाईचं इतक्या वर्षांचं काम बापाच्या पगारावरून उडवून लावलंत, ते मला झोंबलं.

हो, वडील पोलाद कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. जन्म बीजिंगचा, मग ब्रायटनची निवासी शाळा, पुढे अमेरिका. हे सगळं मीच लेखात लिहिलंय, तुम्ही काही खणून काढलेलं नाही! पुढचं वाचलंत का? पहिले दोन्ही सिनेमे तिने साउथ डकोटातल्या पाइन रिज या राखीव वस्तीत, लाकोटा या मूळ अमेरिकी लोकांच्या मुलखात केले. त्यातल्या ‘द रायडर’मधला (२०१७) ब्रॅडी जँड्रो खरोखरचा रोडिओ (उधळत्या घोड्यावर टिकून राहण्याचा खेळ) खेळणारा घोडेस्वार, डोक्याला जबर मार बसलेला. पडद्यावर दुखणं त्याचं, बाप-बहीणही त्याचेच. बुजरा घोडा माणसाळवतानाचा प्रसंग बघा. ब्रॅडी हात पुढे करतो, घोडा बिचकतो, हा थांबतो, पुन्हा हात नेतो. कॅमेऱ्याला घाई नाही. ‘नोमॅडलँड’मधल्या लिंडा मे, स्वँकी याही खऱ्याच, गाडीत राहणाऱ्या. त्या सिनेमासाठी २०२१ मध्ये तिला दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं.

‘बाहेरच्याला काय कळतं’ हे मी शाळेपासून ऐकतोय. वडील रेल्वेत. इटारसीहून भुसावळला बदली झाली तेव्हा माझ्या हिंदीमिश्रित मराठीवर वर्ग खिदळायचा. शेजारच्या मावशींच्या ओट्यावर कळण्याची भाकरी नि ठेचा खाता खाता लेवा बोली कानात बसली. आज पंगतीत वरण-बट्टी वाढताना मला कुणी परका म्हणत नाही. मग क्लोईला का म्हणायचं?

आणि तुम्ही तर चाळीसगावचे! छायाचित्रकार केकी मूस मुंबईत जन्मले, इंग्लंडात शिकले आणि तुमच्या स्टेशनजवळच्या बंगल्यात उभा जन्म काढला. त्यांनाही हेच विचारणार?

मार्व्हलसाठी तिने केलेला सुपरहिरोंचा सिनेमा ‘इटर्नल्स’ मलाही आवडला नव्हता, तेवढ्यापुरतं आपलं जमलं. अहिराणी सिनेमावर लिहीन, पण तुम्ही दटावलंत म्हणून नाही. पुढची प्रतिक्रिया मात्र ‘द रायडर’ बघून मगच टाका.