दिवेआगरच्या सहलीविषयी आपण नोंदविलेल्या अभिप्रायास उत्तर

सविनय नमस्कार.

नाताळच्या सुट्टीत आमच्यासोबत सोलापूरहून दिवेआगर, श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर अशी सहल करून परतल्यावर आपण दोन तारे देऊन लिहिलेला सविस्तर अभिप्राय आम्ही लक्षपूर्वक वाचला. नारळी-पोफळीच्या गर्द सावलीच्या ओढीने आपण सहकुटुंब गेलात आणि वाड्यांमध्ये, म्हणजे घरालगतच्या बागांमध्ये, मोठमोठ्या मोकळ्या जागा व ठेंगणी झाडे पाहावी लागली. हॉटेलऐवजी गावातल्या घरी, पत्र्याच्या छपराखाली मुक्काम झाला. हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवर उतरू दिले नाही. आणि वादळाने मोडलेल्या गावासाठी दर मात्र पूर्ण आकारला, म्हणून निम्मी रक्कम परत मिळावी, असे आपले म्हणणे आहे. शेवटी आपण लिहिले आहे, ‘हे गाव अजून सावरलेले नाही, तिकडे कोणी जाऊ नये.’ जे मनासारखे झाले नाही ते लिहिण्याचा आपला अधिकार आम्हाला पूर्ण मान्य आहे. परंतु आपला अभिप्राय वाचून, पुढच्या सहलीसाठी नावे दिलेली काही मंडळी जावे की न जावे असे विचारू लागली आहेत, आणि त्याचा परिणाम आमच्यापेक्षा तिकडच्या यजमान कुटुंबांवर अधिक होणार आहे. म्हणून हे उत्तर खासगीत न देता येथेच, थोडे विस्ताराने देत आहोत.

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी दुपारी अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता आणि झोत १२० पर्यंत जात होते. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड हे तालुके आणि बाणकोटच्या खाडीपलीकडचे मंडणगड व दापोली यांनी त्याचा मोठा मार सोसला. पोफळ, म्हणजे सुपारीचे झाड, उंच आणि सडपातळ असते; वाऱ्यात डोलण्याची तिला सवय असली, तरी एवढ्या वेगाचा वारा दिशा बदलून पुन्हा आला की ती मधोमध मोडते. वाळूच्या जमिनीतला माड मुळासकट आडवा होतो आणि पडताना शेजारची झाडे, खालची जायफळे, खोडावर चढवलेले मिरीचे वेल असे सगळे घेऊन पडतो. किनाऱ्यावरच्या ज्या सुरूच्या बनात पूर्वी सहलीचे डबे उघडले जात, तेही त्या दुपारी झोडपले गेले. पिढ्यान् पिढ्या राखलेल्या वाड्या काही तासांत उघड्या पडल्या. आपल्याला दिसल्या त्या मोकळ्या जागा त्या दिवसाच्या आहेत.

पाच वर्षे उलटून गेल्यावरही त्या का भरल्या नाहीत, असा प्रश्न आपल्या लिहिण्यात आहे, आणि तो रास्त आहे. आपल्या जिल्ह्यात सांगोल्याचा शेतकरी डाळिंबाची नवी बाग लावतो तेव्हा दोन-तीन वर्षांत पहिला बहर धरता येईल असा हिशेब करतो. पोफळीला पहिले फळ यायला पाच ते सात वर्षे जातात, जुन्या बाणवली जातीच्या माडालाही जवळपास तेवढीच किंवा थोडी अधिक, आणि दोन्हींची पूर्ण उंची, म्हणजे आपण ज्या सावलीच्या शोधात होतात ती, त्यानंतर कितीतरी वर्षांनी येते. त्यातही अडचण अशी की पोफळीच्या कोवळ्या रोपाला थेट ऊन सोसत नाही. एरवी मोठ्या झाडांच्या छायेत नवे रोप लावून वाडी हळूहळू बदलत नेण्याची रीत आहे. मोठी झाडेच गेल्यावर आधी केळी लावून आडोसा करायचा, मग त्याखाली रोप धरायचे, जे जळाले त्याच्या जागी पुन्हा दुसरे लावायचे. वाडीत आपल्याला केळीच फार दिसल्या, असा जो उल्लेख आपण तक्रारीच्या सुरात केला आहे, तो खरे तर तिथल्या बागायतदाराच्या चिकाटीचा पुरावा आहे. कमरेएवढी, कुठे डोक्याच्या वर गेलेली ती ठेंगणी झाडे म्हणजेच त्या गावाचे सावरणे होय. सावरणे याहून वेगाने होत नाही.

पैशाच्या बाजूने पाहिले तरी हेच दिसते. वादळानंतर राज्य सरकारने बागायतीच्या भरपाईचा दर हेक्टरी १८ हजार रुपयांवरून ५० हजार रुपये केला, आणि तो २ हेक्टरच्या मर्यादेत दिला. वाढ मोठी होती, हे मान्य केले पाहिजे. पण तिथल्या वाड्या हेक्टरांत नव्हे, गुंठ्यांत मोजल्या जातात. हेक्टरचे साधारण १०० गुंठे धरले, तर गुंठ्याला ५०० रुपये, आणि १० गुंठ्यांच्या वाडीला ५ हजार रुपये येतात. पडलेली झाडे कापून, ओढून वाडीबाहेर काढण्याची मजुरीही तेवढ्यात भागत नाही. शिवाय वादळ आले ते टाळेबंदीत, म्हणजे उन्हाळी पर्यटनाचा हंगाम हातचा गेल्यावर. पुढच्या वर्षीचा उन्हाळाही निर्बंधांतच गेला आणि त्याच मे महिन्यात तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेले. सुपारीचे उत्पन्न नाही आणि पाहुणाही नाही, अशा स्थितीत त्या कुटुंबांनी रोपे लावली, विहिरी उपसल्या, खोल्या नीट केल्या आणि पुन्हा दार उघडले.

आता दराविषयी. गाव वादळात सापडले होते म्हणून तिथला मुक्काम स्वस्त असावा, हा विचार सहज मनात येतो, परंतु तो आम्हाला पटत नाही. पूर्वी सुपारी हे त्या घरांचे वर्षाचे मुख्य पीक होते आणि पाहुण्यांचे पैसे वरकड होते; आज पाहुण्यांचे पैसे हाच अनेक घरांचा आधार आहे. पूर्वी सोलकढीला आणि मोदकाला लागणारा नारळ परसातला असे. आता पुष्कळ घरांत तो बाजारातून आणावा लागतो. म्हणजे उत्पन्न घटले आणि पाहुणचाराचा खर्च वाढला. आम्ही दर पाडून मागितला, तर ती सवलत आमच्या खिशातून नव्हे, त्या घरातून जाईल. म्हणून यजमानांनी सांगितलेल्या दरात आम्ही घासाघीस करत नाही, आणि हे आमचे धोरण बदलणार नाही. आपल्या सहलीतील निवास व भोजनाची संपूर्ण रक्कम यजमानांना पोचलेली आहे. त्यामुळे निम्मी रक्कम परत करण्याची आपली मागणी आम्ही नम्रपणे नाकारत आहोत. ठरलेले दिवस, ठरलेली ठिकाणे, ठरलेली जेवणे आणि बस यांपैकी काहीही कमी झालेले नाही.

अपेक्षा आणि वास्तव यांत अंतर पडले, याचे आपल्याइतकेच आम्हालाही वाईट वाटते. समाजमाध्यमांवर २०२० पूर्वीची छायाचित्रे आजही फिरत असतात आणि ती पाहून मनात एक चित्र तयार होते. आमच्या माहितीपत्रकात मात्र मागच्या हंगामातीलच छायाचित्रे आहेत, आणि ‘वाड्या नव्याने उभ्या राहत आहेत, दुपारी किनाऱ्यावर सावली कमी असते, टोपी व छत्री सोबत घ्यावी’ ही सूचना नोंदणीच्या वेळी प्रत्येकाला दिली जाते.

आपल्या अभिप्रायातील ‘मोडलेले गाव दाखवायला नेले’ हे शब्द आम्हाला विशेष लागले. सोलापूरकर मोठ्या संख्येने रामेश्वरला जातात आणि तिथून धनुष्कोडी पाहून येतात. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात ते गाव उद्ध्वस्त झाले, प्रवाशांनी भरलेली रेल्वेगाडी समुद्रात गेली, आणि नंतर सरकारने ती जागा वस्तीस अयोग्य ठरवली. तिथे आपण चर्चच्या आणि स्थानकाच्या पडक्या भिंती पाहतो, हात जोडतो आणि परततो. दिवेआगर तसे नाही. तिथे माणसे राहतात, मुले शाळेत जातात, पहाटे मासळी येते, आणि सुमारे ४ किलोमीटरचा तो किनारा पूर्वीइतकाच रुंद व स्वच्छ आहे. आम्ही तिथे पडझड पाहायला जात नाही. आम्ही राहायला, जेवायला आणि समुद्र पाहायला जातो, आणि त्याचे मोल देऊन येतो. या दोन प्रवासांत फार मोठा फरक आहे, असे आम्ही मनापासून मानतो.

हे आम्ही सोलापुरात बसून लिहीत आहोत, म्हणून अजून एक गोष्ट सांगावीशी वाटते. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला, माढा-मोहोळकडची गावे पाण्याखाली गेली आणि लांबोटीजवळ पुण्याचा महामार्ग बंद ठेवावा लागला. पाणी ओसरून रस्ता सुरू झाल्यावरही बाहेरगावच्या लोकांचे फोन आम्हाला येत होते, की अक्कलकोटला, पंढरपूरला यावे की नको, सोलापूर तर बुडाले आहे म्हणतात. आपले शहर सुरू आहे, मंदिरे उघडी आहेत, भक्तनिवास आणि खानावळी पाहुण्यांची वाट पाहत आहेत, हे आम्ही प्रत्येकाला समजावून सांगत होतो. ज्यांचे शेत वाहून गेले त्यांचे दुःख खरे होते, आणि ज्यांचे दुकान उघडे असूनही गिऱ्हाईक येत नव्हते त्यांचेही खरे होते. दूरवरच्या कुणीतरी ‘तिकडे जाऊ नका’ असे सांगितले की काय होते, ते आपण सगळ्यांनी इथे अनुभवले आहे.

पत्र्याच्या छपराबद्दल एवढेच, की त्या घरावर पूर्वी कौले होती. वादळात ती उडाली, पाऊस तोंडावर होता, सगळ्या तालुक्याला एकाच वेळी कौले हवी होती. जे मिळाले ते घालून घर झाकले गेले. खोली, अंथरूण आणि स्नानगृह स्वच्छ होते, असे आपणच लिहिले आहे. हॉटेलातील मुक्काम हवा असणाऱ्यांसाठी आमच्या स्वतंत्र सहली आहेत. ही सहल घरगुती निवासाचीच आहे.

हरिहरेश्वरच्या बाबतीत आम्ही कोणतीही तडजोड करणार नाही. तिथली प्रदक्षिणेची वाट समुद्रालगतच्या खडकांवरून जाते, ती ओहोटीलाच चालण्याजोगी असते, आणि तिथे लाटेने माणसे ओढून नेल्याच्या घटना घडल्या आहेत. आपली बस पोचली तेव्हा भरती चढत होती. आपल्यासोबत लहान मुले होती. आमच्या सहल-व्यवस्थापकाने आपल्याला थांबवले आणि आपल्याशी थोडा वाद झाला, हे आम्हाला त्याच्याकडून समजले आहे. त्याने जे केले ते योग्यच केले. खालून प्रदक्षिणा करायची असेल, तर भरती-ओहोटीची वेळ पाहून तसा दिवस निवडता येतो, आणि ती वेळ आम्ही आनंदाने कळवू.

आपण दिलेले दोन तारे तसेच राहू द्यावेत. ते आपल्या अनुभवाचे आहेत आणि त्याबद्दल आमची काही मागणी नाही. विनंती एकाच वाक्याची आहे. ‘तिकडे कोणी जाऊ नये’ याऐवजी ‘वाड्यांची सावली अजून परतलेली नाही, दाट सावली हवी असणाऱ्यांनी विचार करून जावे’ असे आपण लिहिलेत, तर ते पूर्णपणे खरे असेल आणि वाचणाऱ्याच्या उपयोगाचेही ठरेल. ज्या आजींनी आपल्या मुलांना वाडीतली पोफळीची रोपे दाखवली, त्यांच्या घराचा पुढचा हंगाम त्या एका वाक्याने अडू शकतो, एवढे ध्यानात घ्यावे. आपल्या सहलीचा खर्च कुठे किती झाला, याच्या पावत्या आमच्या नवी पेठेतील कार्यालयात ठेवलेल्या आहेत. रविवार सोडून कोणत्याही दिवशी सायंकाळी आपण येऊन त्या पाहू शकता. फेब्रुवारीतील सहल ठरल्याप्रमाणे निघेल, आणि ज्यांनी चौकशी केली आहे त्या सर्वांना हेच उत्तर आम्ही पाठवत आहोत.

आपले नम्र,
सहल-संयोजक, सोलापूर