‘आता कोणाला दाखवायचंय?’ असं विचारणाऱ्यांना

आज दुपारी इथे बडोद्यात, दांडिया बाजारात एका ओळखीच्या घरी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला गेले होते. आंब्याची डाळ सुरेख, पन्हं सुरेख, आरास तर बघत राहावी अशी. आणि तरी घरी आले ती डोकं तापवून. अजून उतरत नाहीये, म्हणून लिहायला बसलेय. लांबलचक होणार आहे.

तिथे आमच्या परिचयाच्या एक ताई आल्या होत्या. वय बासष्ट, बँकेतून निवृत्त, यजमान जाऊन काही वर्षं झाली. हिवाळ्यात त्यांनी फेसलिफ्ट करून घेतलं, सोबत वरच्या पापण्यांचं ऑपरेशनही. छान दिसत होत्या. चेहरा ताणल्यासारखा अजिबात वाटत नव्हता, फक्त थकवा गेला होता. सगळ्यांशी हसून बोलल्या, पन्हं घेतलं, निघाल्या. चपला घालून जिना उतरल्या असतील नसतील, तोवर आतून आवाज आला, “आता कोणाला दाखवायचंय हिला?” आणि हशा. दुसरी म्हणाली, “नवरा गेला आणि...” मी म्हटलं, वाक्य पूर्ण करा. केलं नाही. यजमानीणबाई घाईघाईनं डाळीचं भांडं घेऊन फिरायला लागल्या.

माझ्या यादीतल्या लोकांना हे समजावून सांगायची वेळ येऊ नये. नवरा गेलेल्या बाईलाही आपण हळदीकुंकू लावतो, तिनं रंगीत साडी नेसली तर आपल्याला आनंद होतो, हे मी धरूनच चालते. ज्या सयाजीरावांनी १९०६ साली राज्यभर शिक्षण सक्तीचं केलं, मुलींनासुद्धा, त्यांच्या गावात शिकलेल्या बायका हे बोलत होत्या. दोघी तर निवृत्त शिक्षिका.

गुडघा बदलला की हीच मंडळी संत्री घेऊन बघायला जातात आणि टाके किती पडले ते कौतुकानं विचारतात. चेहऱ्याला टाके पडले की मात्र बाई चवचाल.

मला एवढा राग का आला, ते सांगते. आमच्या वन्संमुळे. त्यांना विचारून लिहितेय, त्या म्हणाल्या, “लिही वहिनी, नाव तेवढं नको.”

वन्संच्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा त्या साठीला टेकलेल्या. नाकाच्या कडेपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत ज्या दोन घड्या पडतात ना, त्यांचा त्यांना फार त्रास व्हायचा. फोटोत मी कायम रडवेली दिसते, म्हणायच्या. घरात एकदा विषय काढला तर सुनेच्या माहेरचे काय म्हणतील, या वयात हौस कसली, वगैरे सगळं ऐकून झालं. मग त्यांनी विषय काढणंच सोडलं. आणि एका शॉपिंग कॉम्प्लेक्समधल्या पार्लरच्या मागच्या खोलीत जाऊन बसल्या. “बेन, दस वरस नानां लागशो.” म्हणजे दहा वर्षांनी लहान दिसाल. पीलिंग (रसायन लावून कातडीचा वरचा थर काढतात ते), फेशियल आणि त्या घड्यांमध्ये फिलरची सुई, सगळं एकाच पॅकेजात. सुई टोचणारी मुलगी डॉक्टर नव्हती. कुठला तरी छोटा कोर्स केलेला, भिंतीवर फ्रेम करून लावलेला.

इथे थोडं थांबते, कारण हे बहुतेकींना माहीत नसतं. बोटॉक्स आणि फिलर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोटॉक्स स्नायूला काही काळ सैल करतं. मज्जातंतूकडून स्नायूला जो निरोप पोचतो, तो अडवतं. कपाळाच्या आठ्या, भुवयांमधल्या उभ्या रेघा, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या, म्हणजे जे चेहऱ्याच्या हालचालीनं पडतं, त्यासाठी ते. तीन-चार महिन्यांत उतरतं. हे औषध मुळात डोळ्यांचं. तिरळेपणा आणि पापण्या आपोआप घट्ट मिटण्याचा आजार, यांवर ते वापरायचे. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या जीन कॅरदर्स या नेत्रतज्ज्ञ बाईंच्या १९८७ च्या सुमारास लक्षात आलं की पापण्यांसाठी इंजेक्शन घेणाऱ्या रुग्णाच्या आठ्याही जातायत. त्यांचे यजमान त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून पुढचं काम केलं. अमेरिकेत आठ्यांसाठी रीतसर परवानगी मिळाली ती २००२ साली. कुपी २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. औषधाच्या दुकानात आयुष्य काढलेली बाई म्हणून सांगते, पार्लरच्या टेबलावर उन्हात पडलेल्या कुपीत काय उरलंय ते देव जाणे.

फिलर म्हणजे भराव. वय वाढतं तशी गालातली चरबी ओसरते, खाली सरकते, जबड्याचं हाडसुद्धा थोडं झिजतं. ती पोकळी भरायला बहुतेक वेळा हायलुरोनिक अॅसिडची जेल वापरतात. आता नाकाच्या कडेनं चेहऱ्याची मुख्य धमनी वर जाते. सुई त्या धमनीत गेली, किंवा भरावानं ती दाबली गेली, तर पुढच्या कातडीचा रक्तपुरवठा बंद. जेल तशीच पुढे सरकून डोळ्याच्या धमनीत पोचली तर कायमचं आंधळेपण येऊ शकतं. हे मी घाबरवायला लिहीत नाहीये. जिथे धमनी आहे तिथे सुई घालणाऱ्याला धमनी कुठून जाते हे माहीत असायला हवं, एवढंच म्हणतेय.

वन्संना तिथल्या तिथेच कळा सुरू झाल्या. नाकाच्या बाजूची कातडी पांढरी पडली. त्या मुलीनं बर्फ लावला आणि “नॉर्मल छे” म्हणून घरी पाठवलं. बर्फ! रक्त पोचत नाहीये तिथे बर्फ!

आणि वन्सं गप्प बसल्या. ओढणी गुंडाळून घरात आल्या, दात दुखतोय म्हणून सांगितलं, न जेवता झोपल्या. नवऱ्याला नाही, मुलाला नाही. कळ सोसली पण बोलल्या नाहीत, कारण बोलल्या असत्या तर आज मी जे ऐकलं तेच त्यांना ऐकावं लागलं असतं. दुसऱ्या दिवशी रात्री मला फोन केला, तो का, तर मी मेडिकलवाली, एखादी ट्यूब देईन आणि कोणाला सांगणार नाही म्हणून. मी गेले तेव्हा गालावर जांभळट जाळी उमटली होती. स्कूटरवर बसवलं आणि तडक त्वचारोगतज्ज्ञाकडे. भले माणूस, दवाखाना बंद करून निघाले होते, परत आत आले. हायलुरोनिडेज नावाचं एन्झाइम असतं, ही जेल विरघळवतं. त्याची इंजेक्शनं दिली, रात्री पुन्हा दिली. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, कोणतं फिलर? खोकं आहे? स्टिकर? काहीच नव्हतं. ते एन्झाइम फक्त हायलुरोनिक अॅसिडवर चालतं. सुईत दुसरं काही असतं तर आज वन्संचं नाक तसंच राहिलं असतं का, कोण जाणे. नाकपुडीजवळ एक लहान व्रण राहिलाय. लग्नाच्या फोटोंत त्या डावीकडूनच उभ्या आहेत, सगळीकडे.

आता सांगा, हे कोणी केलं? त्या मुलीनं केलं, हो. माझ्या हातात असतं तर त्या खोलीला कुलूप लागलं असतं. पण वन्संना त्या खोलीत ढकललं कोणी?

हां, मान्य, बाजार बायकांना घाबरवून पैसे कमावतो. मोबाइल उघडला की ‘पस्तिशीनंतर’ करून जाहिरात सुरू. मान्य, काहीजणी थांबतच नाहीत आणि चेहरा सुजल्यासारखा करून घेतात. म्हणून बासष्टाव्या वर्षी आरशात स्वतःला ओळखायची इच्छा धरणाऱ्या बाईला चारचौघींत हसायचं?

आणि फेसलिफ्ट म्हणजे काही खेळ नाही हे त्या ताईंना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. नुसती कातडी ओढून शिवत नाहीत हो. कातडीखाली स्नायूंना धरून एक पातळ थर असतो, फ्रान्समधल्या दोन डॉक्टरांनी १९७६ मध्ये त्याचं नीट वर्णन केलं. तो थर वर उचलून बसवतात, आणि मग जास्तीची कातडी कापतात. छेद कानापुढून, पाळीखालून, कानामागे केसांत. खाली रक्त साठू शकतं, चेहऱ्याच्या मज्जातंतूला धक्का लागू शकतो, तंबाखू किंवा सिगारेट असेल तर कातडी काळी पडून मरू शकते. त्यांच्या सर्जननं हे सगळं समोर बसवून सांगितलं, रक्तदाब आटोक्यात येईपर्यंत तारीख दिली नाही, रक्त पातळ करणारी गोळी विचारून घेतली. आणि पापण्या? पापण्यांची कातडी इतकी लोंबली होती की वरचं दिसत नव्हतं. सिग्नल बघायला मान वर करावी लागायची. नजरेचा वरचा घेर तपासून मग ऑपरेशन झालं. तिथे हसणाऱ्या कोणी हे विचारलंत? पण मी म्हणते, समजा पापण्यांचं कारण नसतं, नुसतं चांगलं दिसायचं असतं, तरी काय बिघडलं?

एकीनं तिथे असंही सांगितलं की ही सगळी परदेशी थेरं. परदेशी? कावसजी नावाचा इंग्रज फौजेचा गाडीवान, टिपूच्या लोकांनी त्याचं नाक कापलेलं. पुण्याजवळ एका देशी कारागिरानं कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. १७९४ साली लंडनच्या मासिकात ते छापून आलं, ते वाचून तिकडचे डॉक्टर कामाला लागले. कपाळाच्या कातडीनं नाक घडवायची ही शस्त्रक्रिया आपल्याकडून तिकडे गेलीय. आणि तिकडचीच गोष्ट हवी तर पॅरिसच्या सुझान नोएल घ्या. शंभर वर्षांपूर्वी ही सर्जन बाई चेहरे उचलायची, आणि तिच्याकडे येणाऱ्यांत चेहरा उतरला म्हणून नोकरी जायची भीती असलेल्या बायका असायच्या. तिला त्यात कमीपणा वाटला नाही. स्त्रियांच्या हक्कांसाठी झगडणारी बाई होती ती.

पुरुषांचं सांगू? आमच्या काउंटरवरून केसांचा कलप सर्वांत जास्त पुरुष नेतात. सत्तरीचे काकासुद्धा. आजवर कोणी विचारलं नाही, काका, आता कोणाला दाखवायचंय?

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. कारण मला त्या हसणाऱ्यांचेही चेहरे आठवतायत. त्यातली एक दर महिन्याला माझ्याकडून तीच गोरेपणाची ट्यूब मागते. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड, तिन्ही एकत्र असलेली. मी चिठ्ठीशिवाय देत नाही म्हणून दुसऱ्या दुकानातून आणते. गाल लाल, कातडी पातळ, शिरा दिसायला लागल्यात. तिलाही म्हातारं दिसायचं नाहीये. तीही चोरून करते. पाळी गेल्यावर पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं कोलॅजेन तीसेक टक्क्यांनी घटतं, आपल्यापैकी कोणीच त्यातून सुटलेली नाही. बायांनो, एकमेकींशी बोलायचं सोडून आपण एकमेकींवर पाळत ठेवतोय.

सगळ्यांनी ऑपरेशनं करा असं मी कुठे म्हणतेय? मी स्वतः काही केलेलं नाही, पुढे करीन की नाही ते बघू. बडोद्याच्या उन्हात अॅक्टिव्हावर चेहऱ्याला ओढणीची बुकानी बांधून फिरणाऱ्या मुली खरं तर निम्मं काम आधीच करतायत, वर सनस्क्रीन लावलं की झालं. ऑस्ट्रेलियात नऊशेवर लोकांवर साडेचार वर्षं अभ्यास केला, २०१३ मध्ये छापून आला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा, मर्जीनं कधीमधी लावणाऱ्यांपेक्षा चोवीस टक्के कमी म्हातारी झाली. रात्री डॉक्टरांना विचारून रेटिनॉइड, म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या जातीचं क्रीम, वाटाण्याएवढं. सुरुवातीला साल निघते, त्याला घाबरून बंद करू नका, एक दिवसाआड लावा. दिवस गेलेले असतील तर मात्र हातही लावू नका. आपल्या सावळ्या कातडीला जोरकस पील आणि लेझर जपून, कारण भाजलं की डाग काळे पडतात आणि महिनोन्‌महिने जात नाहीत. वन्संच्या कपाळावर त्या पीलचे डाग अजून आहेत. व्रणापेक्षा त्यांना त्याचंच जास्त वाईट वाटतं.

यापुढे माझ्यासमोर कोणी कोणाच्या चेहऱ्यावर असं बोललं तर मी पुन्हा वाक्य पूर्ण करायला सांगणार आहे. वाईटपणा आला तर येऊ दे.

आणि ज्यांना काही विचारायचंय त्यांनी रावपुऱ्यात दुकानात या. दुपारी गर्दी नसते. कोणतं क्रीम, किती, रात्री की सकाळी, सगळं सांगेन. कोणत्या डॉक्टरकडे जा हे सांगणार नाही, पण पाटीवर काय लिहिलेलं हवं ते सांगेन: त्वचेसाठी एम.डी. किंवा डी.एन.बी., ऑपरेशनसाठी प्लास्टिक सर्जरीचं एम.सीएच. किंवा डी.एन.बी. (नव्या डॉक्टरांचं डीआर.एन.बी.). सुई टोचण्याआधी खोकं तुमच्यासमोर उघडायला लावा आणि त्यावरचं स्टिकर मागून घ्या. आणि कुठे, कोणाकडून काही करून आला असाल, कातडी पांढरी पडली असेल, कळ थांबत नसेल किंवा एका डोळ्यानं अंधुक दिसत असेल, तर सकाळची वाट बघू नका, थेट हॉस्पिटल गाठा. सोबत यायला कोणी नसेल तर मला फोन करा, रात्री दोन वाजता केलात तरी चालेल. घरी मी काही सांगणार नाही.