उणे एक

गेल्या रविवारी दुपारी तीन ते संध्याकाळी सात या वेळात मी एका प्लंबरची वाट पाहत होतो आणि दुसऱ्या एका प्लंबरला विटांच्या भिंतीतून आरपार घुसवण्याचा प्रयत्न करत होतो. पहिला हाडामांसाचा होता आणि "निघालोच आहे साहेब, दहा मिनिटांत पोचतो" असे दर तासाला फोनवर सांगत होता. दुसरा 'मारिओ' या व्हिडिओ गेममधला, लाल टोपीचा, भरघोस मिशीचा आणि १९८५ सालापासून बटण दाबताक्षणी कामावर हजर होणारा. या दोघांपैकी कोणाचे काम अधिक निकडीचे, याविषयी आमच्या घरात मतभेद झाले नाहीत, कारण मत एकाच व्यक्तीला असते आणि ती व्यक्ती त्या वेळी स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाखाली पातेले लावत होती.

मूळ दुखणे लहानपणचे आहे. १९९०च्या दशकात सांगलीला आमच्या वाड्यात जो 'टीव्ही गेम' आला, तो एका जपानी यंत्राची स्वस्त नक्कल होता, हे कळायला मला पुढे वीस वर्षे लागली. त्याच्या पिवळ्या कॅसेटवर '९९९९९९९ इन १' असे छापलेले होते आणि आम्ही तो आकडा सातबाऱ्याच्या उताऱ्यावर ठेवावा तितक्या विश्वासाने वाचत असू. प्रत्यक्षात त्यात तेच पाचसात खेळ नाव आणि सुरुवातीची स्टेज बदलून पुन्हा पुन्हा हजर होत. पंगतीत एकच वाढपी कधी मठ्ठा तर कधी जिलबी घेऊन फिरावा, तसे. त्यातला मारिओ आठव्या वर्ल्डच्या (चार स्टेज मिळून एक वर्ल्ड) चौथ्या स्टेजला संपतो, तिथे ड्रॅगन असतो आणि त्याच्या पलीकडे राणी, एवढे सर्वांना ठाऊक होते. परंतु वाड्यातल्या एका मुलाला दादरला राहणारा मावसभाऊ होता आणि त्या मावसभावाने म्हणे नववे वर्ल्ड डोळ्यांनी पाहिले होते. मावसभाऊ दादरचा असल्यामुळे त्याच्यावर अविश्वास दाखवण्याची आम्हा सांगलीकरांची प्राज्ञा नव्हती. आम्ही एक अख्खी मे महिन्याची सुट्टी, लोडशेडिंगचे तास वजा जाता, दिसेल त्या विटेवर डोके आपटून नववे वर्ल्ड शोधण्यात घालवली.

तीस वर्षांनी, प्लंबरच्या पहिल्या फोननंतर, मी ही हकीकत गंमत म्हणून माझ्या तेरा वर्षांच्या चिरंजीवांना सांगितली. त्यांनी मान वर न करता उत्तर दिले, "बाबा, तो खोटं बोलत नसेल. नववं आहे. तसे एकूण दोनशे छप्पन्न आहेत."

इथे आमच्या चिरंजीवांविषयी थोडे सांगणे भाग आहे. या मुलाने आजवर एकही खेळ शेवटपर्यंत खेळलेला नाही. त्याला खेळात काय आहे यात रस नसून खेळात काय नाही यात आहे: कोणती स्टेज आखून रद्द झाली, कोणता शत्रू रंगवून बाहेर ठेवला, कोणते संगीत बसवले पण कुठेच वाजवले नाही. ताटात वाढलेली भाजी सोडून फ्रीजमधली झाकलेली भांडी उघडून पाहण्याची त्याची जी सवय आहे, तिचीच ही शाखा असावी, असे माझे मत आहे. त्याच्या बोलण्यात 'बीटा', 'प्रोटोटाइप', 'कट कंटेंट' असे शब्द आमच्या आजोबांच्या बोलण्यात कूळकायदा येई तितक्या सहजपणे येतात.

दुसऱ्या फोनपर्यंतचा वेळ त्याने मला हिडन पॅलेसची कथा ऐकवण्यात घालवला, आणि ती ऐकताना माझी सहानुभूती कधी त्याच्या बाजूला गेली ते मला समजले नाही. १९९२च्या नोव्हेंबरमध्ये सेगा कंपनीचा 'सॉनिक द हेजहॉग २' हा खेळ बाजारात आला. त्याच्या आधी मासिकांनी त्या खेळाची जी चित्रे छापली होती, त्यांत 'हिडन पॅलेस' नावाच्या, चमकत्या रत्नांनी भरलेल्या एका गुहेचे चित्र होते. मुलांनी खेळ विकत घेतला, उलटासुलटा पालथा घातला, पण गुहा काही सापडेना, कारण ती ऐनवेळी खेळातून वगळलेली होती. बरे, वगळली म्हणावी तर तीही धड वगळलेली नव्हती. त्या खेळात संगीत तपासण्याची एक जागा आहे; तिथे १० हा क्रमांक लावला की एक सुंदर सुरावट वाजते, जी संपूर्ण खेळात कुठेही वाजत नाही. लग्न मोडले, पण वाजंत्र्यांना निरोप द्यायचा राहून गेला, असा तो प्रकार. पुढे १९९९च्या सुमारास खेळाची एक कच्ची, अर्धवट प्रत इंटरनेटवर एका चाहत्याच्या हाती लागली आणि तीत ती गुहा निघाली. तिच्याबरोबर लाकडी ओंडक्यांची आणखी एक स्टेजही निघाली, जी कोणी सुरू करून चहा प्यायला उठावे आणि परतूच नये इतकी अपुरी होती. शेवटी २०१३ साली मोबाइलसाठी हा खेळ नव्याने बांधला, तेव्हा गुहा पुरी करून आत बसवली गेली. तिचे दार कुठे ठेवले, हे ऐकून मात्र मला हात जोडावेसे वाटले. मूळ खेळात 'मिस्टिक केव्ह' नावाच्या भागात काट्यांनी भरलेला एक कुप्रसिद्ध खड्डा होता. त्यात पडलेल्याला बाहेर येण्याची सोयच नव्हती, मरेपर्यंत तिथेच उभे राहावे लागे. एकवीस वर्षे मुले ज्या खड्ड्याला शिव्या देत होती, त्याच खड्ड्यात आता उडी मारली की हिडन पॅलेस येतो.

"अहो, फोन केलात का परत?" आतून आवाज आला. मी केला. प्लंबर कात्रजच्या चौकात पोचला होता, किंवा पोचणार होता.

मधल्या वेळात चिरंजीवांनी लुइजीचे प्रकरण काढले. १९९६ साली 'सुपर मारिओ ६४' आला आणि त्यात मारिओचा भाऊ लुइजी नव्हता. किल्ल्याच्या मागच्या अंगणात एका पुतळ्याखाली एक पाटी होती. तीवरची अक्षरे इतकी पुसट, की ती आमच्या डॉक्टरांनी लिहिली असावीत. लोकांनी डोळे बारीक करून त्यात 'एल इज रिअल २४०१' असे वाचले आणि एल म्हणजे लुइजी, तो किल्ल्यात कुठेतरी आहे, असा निकाल दिला. एका संकेतस्थळाने लुइजी शोधून देणाऱ्याला १०० डॉलरचे बक्षीस लावले. ते कोणालाच मिळाले नाही. विशेष म्हणजे तीच पाटी निन्टेंडो या मारिओच्या कंपनीने १९९८ साली झेल्डा नावाच्या आपल्या दुसऱ्या खेळातल्या एका गुहेत जशीच्या तशी चिकटवली, म्हणजे पाटी लिहिणाऱ्याच्या मनात कोणाचा भाऊ नसून केवळ 'इथे काहीतरी लिहिलेले दिसावे' एवढाच हेतू असणार. तरीही जुलै २०२०मध्ये कंपनीच्या जुन्या अंतर्गत फायली फुटल्या आणि त्यांत लुइजीचे तुकडे सापडले: हात, डोके, टोपी. दोघांनी मिळून खेळण्याची मूळ योजना होती, ती पुढे सोडून दिलेली. जपानमधल्या प्रकाशनापासून मोजले तर मधे २४ वर्षे १ महिना गेला होता, २४, ०१. यावर श्रद्धा ठेवायची की नाही, हे मी आमच्या घराण्याच्या परंपरेनुसार ठरवणार आहे, म्हणजे पत्रिका पाहून.

आता मूळ मुद्दा, म्हणजे भिंत. मुलाच्या मामाने अमेरिकेहून आणलेल्या यंत्रावर तो जुना मारिओ मिळतो, आणि "करून बघा ना" या तीन शब्दांनी माझा रविवार बुडवला. पहिल्या वर्ल्डच्या दुसऱ्या, म्हणजे तळघरातल्या स्टेजच्या शेवटी एक आडव्या तोंडाचा पाइप आहे आणि त्याच्या वर छताला विटांची रांग आहे. त्यांपैकी दोन विटा फोडायच्या आणि भिंतीलगतची एक शाबूत ठेवायची. मग पाइपच्या डाव्या कडेवर उभे राहायचे, तोंड डावीकडे करायचे, खाली बसायचे, बसल्या बसल्या उडी मारायची आणि हवेत असताना उजवीकडे सरकायचे. जमले तर मारिओ विटेत रुततो, खेळाला त्याला कुठेतरी बाहेर काढणे भाग पडते आणि तो पाठमोराच भिंतीतून पलीकडे सरकत जातो. पाठमोरे राहून आत ढकलले जाण्याचे हे तंत्र लोकलच्या प्रवाशांना उपजत येते. मी पुण्यात राहतो.

पहिल्या वीसेक प्रयत्नांत मी भलतीच वीट फोडली, शाबूत ठेवायची तीच. पुढच्या कित्येक प्रयत्नांत मारिओ विटेला डोके घासून निमूटपणे खाली आला. मधेच एकदा मी चुकून आडव्या पाइपात शिरलो आणि रीतसर पुढची स्टेज सुरू झाली, तेव्हा तर मला अपमान झाल्यासारखे वाटले. या यंत्रात चूक झाली की काळ मागे नेण्याचीही सोय आहे, आणि चिरंजीवांनी ती दोनदा सुचवली. पण ज्या पिढीने कॅसेट फुंकून फुंकून ओठ पांढरे केले, तिच्यातल्या मला काळ मागे नेणे शोभले नसते.

भिंतीपलीकडे जे आहे, त्याची खरी गंमत यांत्रिक आहे. तिथे थेट पुढच्या वर्ल्डमध्ये नेणारे तीन पाइप असतात. तुम्ही सरळ छतावरून चालत आलात, तर पडदा एका ठरावीक जागेपर्यंत सरकतो आणि तेव्हा कुठे खेळ त्या पाइपांवर ४, ३, २ असे वर्ल्डचे आकडे मांडतो. भिंतीतून चोरपावलांनी आलेला मनुष्य त्याच्या आधीच पाइपात उतरू शकतो. त्या वेळी खेळाच्या हाती भलतीच यादी असते, चौथ्या वर्ल्डमधल्या अशाच एका जागेची, जिथे मधल्या एकाच पाइपवर ५ लिहिलेले असते आणि दोन्ही बाजू कोऱ्या असतात. कोरी जागा दाखवायलाही कोरे चित्र लागते, आणि त्या कोऱ्या चित्राचा क्रमांक आहे ३६. खेळ त्यालाच वर्ल्डचा क्रमांक समजतो. अर्जात 'लागू नाही' म्हणून मारलेली रेघ पुढच्या टेबलावर आडनाव म्हणून नोंदली जावी, तसे हे झाले. मग पडद्यावर 'वर्ल्ड ३६-१' लिहायला जावे, तर ३६ म्हणजे पुन्हा कोरेच. म्हणून 'वर्ल्ड', मग काही नाही, मग छोटी रेघ, मग १. साऱ्या जगाने त्याला 'उणे एक' म्हटले. मराठी माणसाने एकमेकांकडे पाठ करून बसलेला छत्तीसचा आकडा लहानपणीच ओळखलेला असतो. इथेही पाठ फिरवूनच शिरावे लागते, हे पाहून मला उगाचच आपल्या भाषेचा अभिमान वाटला.

या साऱ्या खेळाचा पसारा ४० किलोबाइटचा आहे. सकाळी सकाळी काकांकडून येणारे 'शुभ सकाळ'चे गुलाबाचे फूल याहून जड असते. म्हणून त्यात ढग आणि झुडूप यांचे चित्र एकच आहे, फक्त रंग वेगळा, आणि सर्वांत शेवटी घातलेला गूम्बा नावाचा तपकिरी शत्रू एकच चित्र डावे-उजवे उलटवून चालवलेला आहे. आरंभीच्या आराखड्यात मारिओ ढगावर बसून गोळ्या झाडणार होता म्हणे. तो बेत बारगळला, पण आकाशात नेणारी नाण्यांची स्टेज उरली. जागेची इतकी ओढाताण असलेल्या घरातही एक छत्तीसावी खोली निघते, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.

सातला दहा मिनिटे कमी असताना मारिओ भिंतीत शिरला. मी ओरडलो. बायको पातेले हातात घेऊनच बाहेर आली.

"आला का प्लंबर?"

"गेला!" मी म्हणालो. "भिंतीतून!"

उणे एक ही पाण्याखालची स्टेज आहे, हुबेहूब सातव्या वर्ल्डमधल्यासारखी. आम्ही तिघे मारिओला पोहताना पाहत उभे राहिलो. शेवटी एक पाइप आला. मारिओ त्यात शिरला आणि पुन्हा त्याच स्टेजच्या आरंभी निघाला. परत पोहला, परत पाइप, परत आरंभ.

"पुढं काय आहे?" बायकोने विचारले.

"हेच."

"म्हणजे चार तास..." असे म्हणून ती हातातल्या पातेल्यातले पाणी ओतायला आत गेली. जपानमधल्या डिस्कवरच्या खेळात उणे एकला शेवट आहे, तिथे तिसऱ्या स्टेजनंतर सुटका होते, ही माहिती चिरंजीवांनी तिच्या पाठीला सांगितली.

मारिओचा वेळ संपून तो मरायला आणि बेल वाजायला एकच गाठ पडली. प्लंबर आला, सिंकखालच्या कपाटात डोके घालून बराच वेळ टॉर्च फिरवत राहिला आणि म्हणाला, "साहेब, हा दुसरा पाइप कशाचा?" मी वाकून पाहिले. भिंतीतून एक जुना पाइप हातभर बाहेर आला होता आणि त्याच्या तोंडाला बूच मारलेले होते.

"कुठं जातो हा?"

"कुठंच नाही. बिल्डरच्या आधीच्या प्लॅनमधला असणार. इथं बाथरूम निघणार असेल, मग बदललं असेल."

चिरंजीव मोबाइल घेऊन धावत आले आणि त्यांनी त्या पाइपाचे सर्व बाजूंनी फोटो काढले. बायकोचे म्हणणे, तो काढून टाकला तर तिथे तेलाचा डबा राहील. प्लंबरने पाना खाली ठेवला. "वहिनी, त्याला हात नको. वरून कशाला जोडलाय ठाऊक नाही. हा काढायचा आणि चौथ्या मजल्याचं पाणी जायचं."

नळासाठी लागणारा वॉशर त्याच्याकडच्या मापात नव्हता. तो उद्या आणतो म्हणाला. पातेले पुन्हा जागेवर गेले. हात पुसत तो बाहेरच्या खोलीत आला आणि टीव्हीसमोर थांबला.

"मारिओ ना? आमच्या गावाकडं होता. ह्यात नववं वर्ल्ड आहे, माझ्या मामाच्या पोरानं बघितलंय."

चिरंजीवांनी आणि मी एकमेकांकडे पाहिले. मग मी त्याला सगळे सांगितले. त्याने पिशवी दाराशी ठेवली, घड्याळात पाहिले, आणि खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "त्या विटा कुठल्या म्हणालात? दाखवा जरा."